नागपूरहून आणलेल्या गोळ्या

सीताबर्डीवर आमचं बंदुकांचं दुकान होतं. असं सांगितलं की ऐकणारा क्षणभर माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. आत बसणाऱ्याला मात्र ते भांड्यांच्या दुकानासारखंच वाटे. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. पिकात रानडुकरं शिरतात म्हणून बारा बोरची बंदूक बाळगणारे आणि पावसाळ्याआधी ती साफ करून घ्यायला आणणारे. रिव्हॉल्वरवाले थोडे. ठेकेदार, एखादा डॉक्टर, जुन्या मालगुजार जमीनदारांची दोन-चार मुलं. बाबा गल्ल्याशी बसत आणि बी.एस्सी. होऊनही नोकरी न लागल्यामुळे मी त्यांच्या शेजारी. बाबांचा एक कडक नियम होता. कोणाकडे कोणतं हत्यार आहे, कोण काय घेऊन गेलं, हे दुकानाबाहेर बोलायचं नाही. घरी जेवतानाही नाही.

सावनेरच्या अलीकडे, छिंदवाड्याच्या रस्त्यावर एक पेट्रोल पंप होता. त्याचे मालक बाबांच्या ओळखीचे होते. ते काविळीने गेले आणि पंप त्यांच्या बायकोने, पदरात लहान मुलगी असताना, चालवायला घेतला. सासरच्या लोकांना वाटलं, ही थोड्याच दिवसांत कंटाळेल आणि पंप दिराच्या हवाली करील. तिने तसं केलं नाही. पंपाची रक्कम घेऊन ती स्वतः सावनेरच्या बँकेत जायची. एकदा वाटेत दोघांनी तिची जीप अडवली. मागून कोळशाचा ट्रक आला म्हणून ते पळाले. त्यानंतर तिने नवऱ्याचं बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर रीतसर आपल्या नावावर करून घेतलं आणि एका सकाळी कापडी पिशवीत घालून आमच्याकडे आणलं. मी तिला वहिनी म्हणायचो.

"मले हे चालवता येत नाही," ती बाबांना म्हणाली. "नुसतं पिशवीत ठेवून काय फायदा? कोणी शिकवील काय?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा येईल."

त्या हिवाळ्यात मी रविवारी सकाळी सावनेरची एस.टी. पकडून जात असे. तिच्या दिराच्या शेतामागे मुरमाड बरड होती आणि तिच्या टोकाला उंच दरड. दरडीसमोर रिकामे ऑइलचे डबे मांडून आम्ही सराव करायचो. पंपावरचे एक काका डबे मांडायला येत. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, पंप सुरू झाला तेव्हापासून तिथे होते. वहिनी बाहेर गेली की पंप त्यांच्या भरवशावर असे. दर वेळी मला "जयभीम, भाऊ" म्हणत आणि गोळीचा आवाज झाला की दोन्ही कानांवर हात ठेवून हसत.

वहिनीचा हात स्थिर होता. आवाजाला ती पहिल्या दिवशी दचकली, पुन्हा नाही. एकदा तिने चाप ओढला आणि नुसता 'टक्' झाला. गोळी उडालीच नाही. ती माझ्याकडे पाहू लागली.

"घाबरायचं नाही," मी म्हणालो. "रिव्हॉल्वरचा हाच तर फायदा आहे. एक नाही उडाली तर विचार करत बसायचं नाही, लगेच चाप पुन्हा ओढायचा. पुढची गोळी आपोआप समोर येते."

तिने ओढला. डबा उडाला. मग मी तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलं. मधेच एखादं रिकामं काडतूस घालून ठेवायचो आणि 'टक्' झाल्याबरोबर ती न थांबता दुसऱ्यांदा ओढते की नाही ते बघायचो. पुढे पुढे ती क्षणभरही थांबेना. मला माझ्या शिकवण्याचा अभिमान वाटला होता, हे मला नीट आठवतं. जे शिकवलं ते चूकही नव्हतं. काडतूस अजिबात उडालं नाही तर तेच करतात.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती एकदा नागपूरला आली आणि आमच्याकडून काडतुसांचा नवीन डबा घेऊन गेली. त्याच फेरीत तिने समोरच्या औषधांच्या दुकानातून ब्लडप्रेशरच्या गोळ्याही घेतल्या. दोन्ही एकाच पिशवीत टाकून, आमच्याकडे पाणी पिऊन, ती उन्हं चढायच्या आत निघाली.

मे महिन्यात कोराडीच्या बांधकामावरचे एक ठेकेदार दुकानात आले. त्यांनी त्याच मालातला डबा नेला होता. त्यांचं रिव्हॉल्वर अडकलं होतं, काडतुसांचं चक्र फिरेना. "आवाज झाला, पण फटाका सादळल्यावानी," ते म्हणाले. बाबांनी नळीत पितळेची सळई घातली तर ती मागच्या तोंडाशीच अडली. गोळी काडतुसातून निघून जेमतेम नळीत शिरली होती आणि तिथेच रुतली होती. तिचं बूड अजून चक्रात होतं, म्हणून ते फिरत नव्हतं. बाबांनी हळूहळू ठोकून ती काढली. मग त्यांच्या उरलेल्या काडतुसांतली काही पक्कडीने उघडली. एकात बारूदच नव्हती. नुसती ठिणगी पाडणारी टोपी आणि गोळी. कारखान्यात भरायची राहून गेलेली.

ठेकेदार गेल्यावर बाबांनी मला सांगितलं ते असं. अशा काडतुसात टोपीच्या ठिणगीला गोळी ढकलण्यापुरताच जोर असतो. ठेकेदाराचं नशीब की गोळी तोंडाशीच अडकली आणि चक्र फिरलं नाही. ती थोडी पुढे, नळीच्या मधोमध जाऊन अडकली तर चक्र फिरतं, चाप पुन्हा ओढला जातो, मागून चांगली भरलेली गोळी येते आणि नळी फाटते.

चाप पुन्हा ओढला तर. वहिनीला मी तेच शिकवलं होतं.

दोन तास आम्ही दुकानातला उरलेला माल तपासला. बाबांनी इतवारीतल्या एका सोनार मित्राकडून तराजू मागवला. पण गोळ्यांचंच वजन एकमेकींशी जुळत नव्हतं. चिमूटभर बारुदीचा फरक त्यात कुठे कळणार? मी एकेक काडतूस कानाशी धरून हलवत बसलो. कुठे सळसळ ऐकू येई, कुठे नाही, आणि ज्यात येत नसे त्यातही उघडल्यावर बारूद निघे. शेवटी बाबांनी सगळे डबे बाजूला काढून दोरीने बांधले. तो माल तिघांनीच नेला होता. ठेकेदार, इथल्याच महाल भागातले एक वकील आणि वहिनी. वकिलांकडे बाबा स्वतः निघाले.

"तू आत्ता सावनेरच्या गाडीत बस," त्यांनी मला सांगितलं. "डबा हातात घेऊन ये. या गोष्टी निरोपावर सोडायच्या नसतात."

बाहेर नागपूरचा मे होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. त्या वेळच्या एस.टी.त, पत्र्याच्या डब्यात तापत, जाऊन-येऊन सगळी संध्याकाळ जाणार होती. मी म्हटलं, पंपावर फोन आहे, ट्रंक कॉल लावतो. बाबा दारात थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि "तुले समजते का ते?" एवढंच विचारून गेले. मी हो म्हणालो होतो.

कॉल लागायला बराच वेळ लागला. लागला तो पंखा बंद करून ऐकावं लागावं इतका खरखरता. पलीकडे काका होते. वहिनी बँकेत गेली होती.

इथे मला जे बोलायचं होतं ते साधं होतं. वहिनीच्या रिव्हॉल्वरची काडतुसं खराब आहेत, ते हत्यार अजिबात वापरू नका, मी उद्या येतो. पण लाइनीवर एक्स्चेंजची बाई होती, ती ऐकते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. समोर रस्त्यावर दुकानदार उभे होते. आमच्या दुकानाचं काडतूस फुसकं निघालं, हे एकदा बाहेर पडलं की आमच्याकडे कोण येणार? बाबांचा नियमही मला नेमका त्या वेळी आठवला आणि सोयीचा वाटला. मी आवाज उतरवून म्हणालो, "काका, सीताबर्डीच्या दुकानातून बोलतो. वहिनींना सांगा, नागपूरहून आणलेल्या गोळ्या खराब निघाल्या आहेत. वापरायच्या नाहीत. परत द्यायच्या."

"गोळ्या खराब?"

"हो. वापरू नका म्हणावं."

"हाव, सांगतो न भाऊ," काका म्हणाले. "बरं झालं फोन केला."

मी फोन ठेवला आणि उसाचा रस मागवला.

वहिनी बँकेतून आली तेव्हा काकांनी तिला निरोप अगदी शब्दाला शब्द दिला. सीताबर्डीच्या दुकानातून फोन होता, नागपूरहून आणलेल्या गोळ्या खराब निघाल्या, खायच्या नाहीत, परत द्यायच्या. 'खायच्या' हा एकच शब्द त्यांनी आपल्या पदरचा घातला, तोही सहज. खरखरीत माझा आवाज त्यांना ओळखू आला नव्हता. वहिनीला त्यात वावगं काही दिसलं नाही. औषधवाल्याने काळजीने फोन केला म्हणून तिला बरंच वाटलं. तिने ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पाकिटं कागदात बांधून ठेवली आणि घ्यायच्या बंद केल्या. काडतुसं रिव्हॉल्वरमध्येच राहिली.

उद्या जातो, असं मी बाबांना म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. निरोप पोचला, घाई काय, असं बाबांना सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिसाळलेलं कुत्रं पंपाच्या आवारात शिरलं. दोन ट्रक उभे होते, लोक टपावर चढले. काका नळ हातात घेऊन टाकीत डिझेल घालत होते, त्यांना सुटताच आलं नाही. कुत्र्याने त्यांची पोटरी धरली. वहिनी केबिनमधून रिव्हॉल्वर घेऊन धावली. कुत्रं काकांना सोडून वळलं तशी तिने नेम धरून चाप ओढला. बारीकसा 'फुस्' झाला. तिने, मी शिकवलं होतं तसं, विचार न करता पुन्हा ओढला.

नळी फाटली. एक तुकडा तिच्या गालात घुसला, तर्जनीचं हाड फुटलं, अंगठ्याजवळचं मांस सोलून निघालं. कुत्र्याला ट्रकवाल्यांनी चाकाच्या लोखंडी टॉमीने मारलं. दोघांना घेऊन त्यातलाच एक ट्रक नागपूरला आला.

हे मला वहिनीच्या दिराने दुकानात येऊन सांगितलं. त्याने आरडाओरडा केला नाही. टॉवेलात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर पोलिसांनी ठेवून घेतलं आहे, पंचनामा झाला, एवढं सांगून तो म्हणाला, "तुम्ही त म्हणे फोन केला होता. औषधाचा?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय सांगितलंस तू फोनवर?"

मी सांगितलं, जसं बोललो होतो तसं. दीर ऐकत उभा होता. बाबा खुर्चीत बसले आणि दिराला म्हणाले, "चूक आमच्या दुकानाची आहे. माल आमचा, निरोपही आमचा." त्यांनी 'आमचा' म्हटलं, याची मला मारापेक्षा जास्त लाज वाटली.

सरकारी दवाखान्यात वहिनी पलंगावर टेकून बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, गाल सुजलेला. तिचं ब्लडप्रेशर इतकं वर होतं की डॉक्टरांनी तिच्यावरच चिडून विचारलं होतं, गोळ्या काहून सोडल्या? तिला तोवर सगळं उमगलं होतं. मी जाऊन उभा राहिलो आणि माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "काकाले पाहून या आधी. ते रडून राहिले."

काका खाली व्हरांड्यात बाकावर बसले होते. पोटरीला पट्टी होती. मला पाहिल्याबरोबर त्यांनी हात जोडले. "भाऊ, माझ्याच्यानं झालं हे. तुम्ही सांगतलं, अन् मी बुढ्यानं औषध समजलो. बाईचा हात माझ्यापायी गेला."

मी त्यांना तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "नाही काका, तसं काही नाही." आजूबाजूला माणसं होती. माझ्या बाबतीत तेव्हा नेहमी माणसंच आड येत.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्याला त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घेत, रोज एक. सावनेरहून रोज येणं शक्य नव्हतं. मी काकांना आमच्या घरी ठेवून घेतलं. रोज सकाळी स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात न्यायचं, रांगेत उभं राहायचं, परत आणायचं. सुई मोठी असे. काका आत जाताना हसत आणि येताना पोट धरून येत. घरी आई त्यांना जवारीची भाकर आणि कांद्याचं पिठलं करून देई. जेवताना ते प्रत्येकाला, शेजाऱ्यांनासुद्धा, तेच सांगत. निरोप मीच उलटा दिला. मी बुढा, माझंच चुकलं. बाबा जेवण अर्धं टाकून उठत. मी केव्हा खरं सांगतो याची ते वाट पाहत होते.

एका सकाळी इंजेक्शननंतर काका म्हणाले, "भाऊ, दीक्षाभूमीवर नेता काय जरा? जवळच हाय." मी नेलं. तेव्हा तिथलं बांधकाम पुरं झालेलं नव्हतं, बरीच मोकळी जागा होती. ते नमस्कार करून झाडाच्या सावलीत मातीवरच बसले. सांगू लागले, छप्पन साली ते इथे आले होते. सावनेरहून पायी, पांढरे कपडे घालून, बायको आणि लहान भाऊ बरोबर. गर्दीत भाऊ हरवला आणि दुसऱ्या दिवशी सापडला. "त्या दिवसापासून खोटं नाही बोलायचं म्हणून ठरवलं होतं," ते म्हणाले. "बाईले आपण काही खोटं नाही सांगतलं. पण उलटं सांगतलं. ते बी तसंच झालं न?"

मग मला राहवलं नाही. "काका, तुम्ही उलटं नाही सांगितलं. मी जे बोललो तेच तुम्ही सांगितलंत. मला काडतूस म्हणायला लाज वाटली. लाइनीवर लोक ऐकत होते, दुकानाचं नाव जाईल असं वाटलं. म्हणून मी गोळ्या म्हणालो. आणि त्या दिवशी मी स्वतः यायला हवं होतं, ऊन होतं म्हणून आलो नाही."

मला वाटलं होतं, ते म्हणतील जाऊ द्या भाऊ. माणसं म्हणतात तसं. त्यांनी हातातली काडी मोडली.

"काडतूस म्हटलं असतं त मले समजलं असतं," ते म्हणाले. "मी धावत बँकेत गेलो असतो."

"हो."

"मंग मले काहून इतके दिवस बोलू दिलं?"

परत येताना ते स्कूटरवर माझ्या खांद्याला न धरता मागच्या स्टेपनीला धरून बसले. घरी आल्यावर मात्र त्यांनी शेजाऱ्यांना काही सांगितलं नाही. नुसतं स्वतःला दोष देणं थांबवलं. राहिलेल्या इंजेक्शनांना ते माझ्याबरोबरच आले, बोलले कमी. शेवटच्या दिवशी मी त्यांना सावनेरच्या गाडीत बसवून दिलं. त्यांना काही झालं नाही, पुढे कितीतरी वर्षं ते पंपावर होते.

दवाखान्यातून घरी जायच्या आधी वहिनीला मी सगळं सांगितलं, तसं पाहिलं तर दिराकडून तिला ते कळलंच होतं. तिने एकच विचारलं, "काकाले सांगतलं काय?" मी हो म्हणालो. "मंग ठीक," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळून झोपली. ते ठीक कशाबद्दल होतं, मी विचारलं नाही.

बाबांनी कारखान्याला पत्र लिहिलं, उघडलेली काडतुसं पाठवली. कारखान्याचं नाव इथे नको. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं की आपल्या तक्रारीची नोंद घेतली असून माल बदलून देण्यात येत आहे. बदललेले डबे आले. बाबांनी ते विकले नाहीत, तसेच परवान्याच्या कचेरीत जमा केले. त्या बोरची काडतुसं आम्ही पुन्हा दुकानात ठेवली ती दोन वर्षांनी, आणि तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाला बाबा आधी अर्धा तास समोर बसवून घेत. आवाज फुसका आला तर हात थांबवायचा, सगळी काडतुसं काढायची, नळीतून उजेड दिसतो का पाहायचं. गिऱ्हाइकं कंटाळत. एक-दोघांनी दुकान बदललं.

वहिनीची तर्जनी सरळ झालीच नाही. ती डाव्या हाताने सही करायला शिकली. बँकेत त्यावरून बरेच हेलपाटे पडले. आणि पुढच्या वर्षी, आम्ही कोणी अपेक्षा केली नव्हती, ती पुन्हा दुकानात आली. नवीन रिव्हॉल्वर हवं होतं. पंप चालवायचा तर लागणारच, म्हणाली, आणि डाव्या हाताने शिकायचं आहे.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. माझ्याच्याने होणार नव्हतं. तिच्यासमोर उभं राहून पुन्हा 'आता चाप ओढा' म्हणणं माझ्या जिभेवर आलं नसतं. त्या हिवाळ्यात साठीचे बाबा रविवारी मफलर गुंडाळून सावनेरला जात आणि मी दुकानात बसे.

त्यानंतर ती वर्षातून एक-दोनदा येई. परवान्याचं काही असे, नाहीतर नुसतीच वाटेवर म्हणून. बाबा चहा मागवत. ती कप डाव्या हाताने घेई, उजवा पदराखाली ठेवी. मी तिच्यासमोर कधी बसत नसे. कपाट उघड, कुलपाला तेल लाव, मागच्या खोलीत जा, असं काहीतरी काढत असे. बरीच वर्षं हे चाललं. बाबा गेल्यानंतर एकदा ती आली तेव्हा दुकानात मी एकटाच होतो. चहा आला. मी कपाटाशी उभा होतो.

"बसा न भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही असे उभे राहता त मले चहा जात नाही."

मी स्टूल ओढून बसलो. तिची मुलगी दहावी झाली होती; तिला शास्त्राकडे घालावं की कॉमर्सला, हे ती विचारू लागली. नागपुरात मुलींचं कोणतं हॉस्टेल चांगलं, तिथे जेवण कसं असतं. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. जे नव्हतं ते चौकशी करून कळवतो म्हणालो.

"फोन नका करू," ती म्हणाली. "येऊन सांगा."

ती हसली नव्हती, रागावलीही नव्हती. मी पुढच्या रविवारी गेलो.